पहिल्या विमानासाठी रिमोट कोणता, आणि ‘सिग्नल गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सातपूरला राहता, नववीतल्या मुलाबरोबर सनबोर्डचं एक मीटर पंखाचं हाय-विंग (पंख धडाच्या वर असलेलं) विमान बनवलंत, रिमोट मित्राचा उसना. त्या सकाळी पहिली दोन उड्डाणं मस्त झाली. तिसऱ्यात शंभर-सव्वाशे मीटरवर वळण घेताना कंट्रोल गेले, दोन-तीन सेकंदांनी परत आल्यासारखे वाटले, पण तोवर विमान गिरणारेजवळच्या एका द्राक्षबागेत. आता दुकानदार म्हणतो दोन किलोमीटर रेंजचा रिमोट घ्या, व्हिडिओवाले म्हणतात दहा चॅनलच्या (रिमोट एका वेळी देऊ शकतो तेवढ्या वेगवेगळ्या हुकमांच्या) खाली बघूच नका, आणि बजेट दहा हजार.

तुम्ही विचारलंय ‘कोणता घेऊ’. पण खरा प्रश्न ‘विमान का पडलं’ हा आहे. त्याचं उत्तर न शोधता नवा रिमोट घेतलात तर पुढचं विमानही त्याच बागेत पडेल.

आधी रेंजचं बोलू, कारण दुकानात सगळ्यात आधी तीच विकली जाते. एक मीटरचं विमान तीनशे मीटरवर गेलं की आकाशात त्याची रुंदी पौर्णिमेच्या चंद्राच्या जेमतेम एक तृतीयांश दिसते. पंखाची जाडी-रुंदी तर विसराच. विमान आपल्याकडे येतंय की लांब जातंय हे त्या अंतरावर माझ्यासारख्या जुन्या माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे डोळा तीनशेला संपतो. आणि २.४ गिगाहर्ट्झचा साधा सहा चॅनलचा सेटसुद्धा मोकळ्या जागेत अर्धा किलोमीटर सहज धरतो. तुम्ही कॅमेरा लावून लांब उडवणार नसाल तर दोन किलोमीटरचे पैसे फुकट. तुमचं विमान सव्वाशे मीटरवर पडलं, तेव्हा रेंज संपली हे कारण मी शेवटच्या नंबरावर ठेवेन.

पहिल्या नंबरावर मी वीज ठेवतो. तुमच्या वर्णनातली दोन वाक्यं मला खटकली: ‘दोन-तीन सेकंदांनी परत आले’ आणि ‘नवीन मेटल गिअरचे चार सर्वो टाकले होते’. सर्वो म्हणजे पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी. बॅटरी तुम्ही ११.१ व्होल्टची लिहिली आहे, म्हणजे तीन सेलची, पूर्ण भरल्यावर १२.६. मोटारचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीमध्ये एक छोटा भाग असतो, बीईसी. तो या १२.६ चे ५ व्होल्ट करून रिसीव्हरला (विमानात बसून रिमोटचे हुकूम ऐकणाऱ्या डबीला) आणि सर्वोंना देतो. स्वस्त ईएससीत हा बीईसी लिनिअर असतो, म्हणजे वरचे ७.६ व्होल्ट तो नुसते तापून घालवतो. सर्वोंनी एक अॅम्पिअर ओढला तर ७.६ वॅटची उष्णता. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग गनची एक तृतीयांश उष्णता, बोटभर प्लास्टिकच्या वेष्टनात, आणि तेही फोमच्या बंद डब्यात जिथे वारा फिरत नाही. दोन उड्डाणं तो सहन करतो. तिसऱ्याला तो तापलेलाच असतो. तुम्ही वळण घेता, एलिव्हेटर-एलेरॉन-रडर (शेपटीची आडवी पट्टी, पंखांवरच्या पट्ट्या, शेपटीची उभी पट्टी) यांचे सर्वो सगळे एकदम ताकद लावतात, एखादा सर्वो घट्ट कंट्रोल हॉर्नमुळे (पट्टी ढकलणाऱ्या खुंटीमुळे) अडकत असेल तर तो एकटाच अर्धा ते पाऊण अॅम्पिअर खातो. व्होल्टेज खाली येतं, रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतो, पुन्हा रिमोट शोधतो. यात दोन सेकंद गेले तरी सेकंदाला बारा मीटरने जाणारं विमान तेवढ्यात चोवीस मीटर गेलं, आणि तेही तिरकं झालेलं. खाली उभा माणूस म्हणतो ‘सिग्नल गेला’. सिग्नल कुठेही गेला नव्हता, तो घेणाऱ्याचे डोळे मिटले होते.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. माझं स्वतःचं दीड मीटरचं विमान असंच गेलं. पुढे तीन महिने मी रिमोटला शिव्या घालत होतो, ओळखीतल्या दोघांना ‘तो सेट घेऊ नका’ म्हणूनही सांगून झालं होतं. मग एका रविवारी दुसरं विमान पंख्याविना (प्रोपेलर काढून) ओट्यावर ठेवून मी सहज दोन्ही स्टिक गोल गोल फिरवत बसलो, आणि रिसीव्हरचा लाल दिवा माझ्या डोळ्यासमोर विझला आणि परत लागला. ईएससीवर बोट ठेवलं तर ठेववेना. त्या दोघांना फोन करून माफी मागावी लागली.

हीच चाचणी तुम्ही पडलेल्या विमानावर करा. फोम मोडला असला तरी चालेल, इलेक्ट्रॉनिक्स शाबूत असलं की पुरे. पंखा आधी काढा, हे मी दोनदा लिहीन: पंखा काढा. भरलेली बॅटरी जोडा, दोन मिनिटं दोन्ही स्टिक एकसारख्या फिरवा, रिसीव्हरच्या दिव्यावर नजर ठेवा. रिमोटच्या स्क्रीनवर रिसीव्हरचं व्होल्टेज दिसत असेल तर ते बघा. पाचच्या आसपास हलत राहिलं तर ठीक, साडेचारच्या खाली डुबकी मारत असेल तर गुन्हेगार सापडला. इलाज स्वस्त आहे: वेगळा ५ व्होल्ट, ३ अॅम्पिअरचा स्विचिंग यूबीईसी (ईएससीबाहेरचा सुटा बीईसी) घ्या. तो फारसा तापत नाही, कारण तो जास्तीचे व्होल्ट जाळून टाकत नाही. तो लावताना ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन तारांतली मधली लाल तार प्लगमधून बाहेर काढायची. प्लास्टिकची छोटी जीभ सुईने हलकेच उचलली की पिन मागे सरकते. तिच्यावर श्रिंक ट्यूब चढवून बाजूला चिकटवा, कापू नका, पुढे कधीतरी लागते.

आता दिवा विझलाच नाही, व्होल्टेजही टिकलं, तर? तर दुसरा संशय अँटेनावर. विमान पाहिल्याशिवाय मी यातलं ठामपणे काही सांगू शकत नाही, पण सनबोर्डच्या विमानात दहातल्या सात वेळा मला रिसीव्हरच्या दोन्ही तारा एकाच दिशेने, शेजारी शेजारी, टेपने चिकटवलेल्या सापडतात. २.४ गिगाहर्ट्झची लाट साधारण साडेबारा सेंटिमीटरची. रिसीव्हरच्या काळ्या-करड्या तारेच्या टोकाला जो उघडा तुकडा असतो तो तिच्या चौथ्या हिश्शाचा, सुमारे ३१ मिलिमीटरचा. काम करतो तो तेवढाच तुकडा, बाकीची तार म्हणजे नुसती नळी. या तुकड्याला बाजूने छान ऐकू येतं, टोकाच्या दिशेने जवळजवळ काही नाही. दोन्ही तुकडे विमानाच्या लांबीला समांतर लावले आणि विमान नाक तुमच्याकडे करून वळलं, तर दोघेही एकदम बहिरे. म्हणून एक उभा, एक आडवा, एकमेकांशी काटकोनात. बॅटरी, मोटारच्या तारा आणि कार्बनच्या पट्टीपासून दूर. विमानाचं पोट तुम्ही फोमचं केलंय म्हणून बरं, कार्बनचं असतं तर अँटेना बाहेरच काढावी लागली असती.

रिमोटच्या अँटेनाचंही तेच. नवी मुलं ती बंदुकीसारखी विमानावर रोखतात. टोक विमानाकडे करायचं नाही, काठी आडवी किंवा उभी वाकवून तिची बाजू विमानाला दाखवायची. हे एकदा तुमच्या मुलाला समजावून सांगा, नववीच्या पोराला लगेच पटतं.

नाशिकची एक खास गंमतही सांगून ठेवतो. द्राक्षबागेच्या मांडवाला गॅल्व्हनाइज्ड तारांचं जाळं असतं. विमान उतरताना त्या मांडवाच्या पलीकडे खाली गेलं की लोखंडी तारांच्या आड सिग्नल खरंच कमी होतो. मोकळं रान आणि बाग यांच्या मध्ये तुम्ही उभे राहा, बाग पाठीमागे ठेवा. आणि हंगामात विमान आत पडलं तर बागायतदाराला हाक मारूनच शिरा. घडांना कागद लावलेले असतात, औषधाची फवारणी झालेली असते, आणि त्याची वर्षाची कमाई तिथे लटकलेली असते. मी एकदा न विचारता शिरलो होतो. विमान मिळालं, पण त्या वर्षी पुन्हा त्या रानात पाऊल टाकायची हिंमत झाली नाही.

इथवरचं थोडक्यात: आधी वीज तपासा, मग अँटेना. दोन्ही निर्दोष निघाले तरच रिमोटवर संशय घ्या. आता खरेदी.

माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: तुम्हाला मैदानावर कोण शिकवणार आहे? त्याच्याकडे जो सेट आहे त्याच जातीचा घ्या. क्रिस्टलच्या काळात, म्हणजे रिमोटची फ्रिक्वेन्सी आतल्या क्रिस्टलने पक्की असायची तेव्हा, आम्हाला याची पर्वा नव्हती, भीती वेगळीच होती. फळीवर प्रत्येक फ्रिक्वेन्सीच्या नंबराचा एकेक कपड्याचा चिमटा लावलेला असायचा. तो चिमटा आपल्या खिशात असल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही, कारण त्याच नंबरावर दुसऱ्याचं विमान हवेत असू शकतं. २.४ आल्यावर रिमोट आणि रिसीव्हर बाइंड होतात, एकमेकांची ओळख लक्षात ठेवतात आणि फ्रिक्वेन्सी बदलत राहतात, त्यामुळे तो चिमटा गेला. पण त्याबरोबर एक नवी भिंत आली: एका कंपनीचा रिसीव्हर दुसऱ्या कंपनीच्या रिमोटशी सहसा बोलत नाही. फुटाबाचं वेगळं, स्पेक्ट्रमचं वेगळं, फ्लायस्कायचं वेगळं. तुम्ही रिमोट एकदा घेता, रिसीव्हर मात्र दर विमानाला एक लागतो. चार-पाच विमानं झाली की रिसीव्हरचा खर्च रिमोटच्या पुढे निघून जातो. म्हणून रिमोट निवडताना त्याच्या रिसीव्हरची किंमत आणि तो नाशकात किंवा दोन दिवसांत कुरिअरने मिळतो का, हे आधी बघा.

तुमच्या बजेटात दोन सरळ रस्ते आहेत. एक, फ्लायस्काय एफएस-आय६. सहा चॅनल, चार पेन्सिल सेलवर चालतो, मेनू बटणांचा पण समजायला सोपा, आणि इतक्या लोकांकडे आहे की अडलात तर शेजारच्याला विचारता येतं. घेताना सोबतचा रिसीव्हर आयए६बी आहे ना ते बघा, शेवटचा ‘बी’ महत्त्वाचा. तो स्वतःचं व्होल्टेज रिमोटच्या स्क्रीनवर परत पाठवतो. तुमच्या दुखण्याला हेच औषध आहे. ‘बी’ नसलेला थोडा स्वस्त मिळतो, पण तो मुका.

दुसरा रस्ता रेडिओमास्टरच्या पॉकेटसारखा एक्सप्रेस-एलआरएस या रेडिओ पद्धतीवर चालणारा सेट. त्याचं सॉफ्टवेअर एजटीएक्स, सगळं मोकळं, हवं ते मिक्सिंग (एका स्टिकने दोन-तीन सर्वो हलवणं) करता येतं, लिंक फार चिवट. पण तो तुम्हाला हवा का, हे मुलाच्या स्वभावावर आहे. त्याला कॉम्प्युटरवर फर्मवेअर चढवणं, सेटिंगच्या पानांत हरवणं आवडत असेल तर तो खूश होईल. नाहीतर पहिल्याच दिवशी ‘बाइंड होत नाही’ म्हणून डोकं धराल, आणि कारण एवढंच असेल की रिमोटात तिसऱ्या पिढीचं फर्मवेअर आणि रिसीव्हरात दुसऱ्या पिढीचं. त्याला १८६५०चे दोन सेल वेगळे घ्यावे लागतात, तेही हिशोबात धरा. आणखी एक: बाहेरून मागवताना ९१५ मेगाहर्ट्झचा मॉडेल घेऊ नका, तो पट्टा आपल्याकडे असा वापरायला मोकळा नाही. २.४ चाच घ्या.

चॅनलचं म्हणाल तर थ्रॉटल (मोटारचा वेग), एलेरॉन, एलिव्हेटर, रडर हे चार. पुढे फ्लॅप लावलेत तर पाच, दोन एलेरॉनला वेगवेगळे चॅनल दिले तर सहा. ट्रेनर विमानाला दहा चॅनल म्हणजे स्कूटरला सहा गिअर. चॅनलपेक्षा मी दोन गोष्टींना किंमत देतो. एक, मॉडेल मेमरी, म्हणजे प्रत्येक विमानाचे ट्रिम (सरळ उडण्यासाठी केलेल्या बारीक दुरुस्त्या) वेगळे साठतात. दुसरी ट्रेनर सॉकेट. दोन रिमोट तारेने जोडायचे, मुलाच्या हातात एक, शिकवणाऱ्याच्या हातात एक. मुलगा चुकला की शिकवणाऱ्याने स्विच सोडला की विमान त्याच्या ताब्यात. मी शिकवलेल्यांत जे या तारेवर शिकले त्यांची पहिली दहा उड्डाणं विमान न मोडता झाली. एफएस-आय६ला हा सॉकेट मागे आहे, आणि जुना दुसरा सेट मिळणं अवघड नाही.

मोड १ की मोड २, म्हणजे थ्रॉटल कोणत्या हाताला? जो शिकवतो त्याचा. कोणीच शिकवणारं नसेल तर मोड २, डाव्या हाताला थ्रॉटल. घेतल्यावर बदलायचा विचार डोक्यातून काढून टाका.

रिमोट हातात आला की लगेच विमानात न घालता दोन आठवडे सिम्युलेटरवर बसा. पिकासिम फुकट आहे. पॉकेट सरळ यूएसबीने जॉयस्टिकसारखा जोडला जातो, एफएस-आय६ला वेगळी केबल लागते. मुलाला एकच गोष्ट पाठ करायला लावा: विमान तोंडाने आपल्याकडे येत असताना जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला स्टिक न्यायची, जणू खाली झुकलेल्या पंखाला टेकू देतोय. उजवं-डावं उलटं होण्याचा घोळ याने संपतो.

सेटिंगमध्ये एक्स्पोनेन्शियल तीस टक्के ठेवा, म्हणजे स्टिकच्या मध्यावर विमान मवाळ वागतं. पण चिन्ह बघून. फुटाबात मवाळ करायला उणे तीस, स्पेक्ट्रम आणि एजटीएक्समध्ये अधिक तीस. उलटं टाकलंत तर विमान मध्यावरच चिडकं होतं आणि तुम्हाला वाटतं वारा आहे. शंका असेल तर जमिनीवरच स्टिक जरा हलवून पृष्ठभाग किती हलतो ते डोळ्यांनी बघा.

आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने काय करायचं ते. तुमचं विमान पडलं तेव्हा मोटार चालूच होती असं तुम्ही लिहिलंय. काही रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटचा हुकूम धरून ठेवतात, म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर असाल तर पूर्ण थ्रॉटलवरच आपटेल. मेनूत जाऊन थ्रॉटल शून्य ठेवा. मी सोबत रडर किंचित एका बाजूला देतो, म्हणजे विमान तरंगत रस्त्यापर्यंत जाण्याऐवजी गिरक्या घेत रानातच उतरतं. हे काहींना पटत नाही, सगळं मध्यावर ठेवणारेही आहेत. तुमच्या रानाच्या कडेला रस्ता किंवा घरं आहेत का त्यावर ठरवा. मग पंखा काढून तपासा: थ्रॉटल अर्धा, रिमोट बंद. मोटार सेकंदाभरात थांबली पाहिजे. बाकी वेळी क्रम उलटा: चालू करताना आधी रिमोट मग विमान, बंद करताना आधी विमान मग रिमोट.

प्रत्येक सकाळी पहिल्या उड्डाणाआधी रेंज टेस्ट. बहुतेक रिमोटात तो मेनू असतो, त्यात ताकद मुद्दाम कमी होते. मुलाने विमान छातीच्या उंचीवर धरायचं, गवतात ठेवायचं नाही. तुम्ही तीस पावलं चालत जायचं, स्टिक हलवायच्या, आणि त्याने प्रत्येक वेळी ओरडून सांगायचं काय हललं. मग त्याने विमान हळूहळू गोल फिरवायचं. कुठल्या तरी एकाच दिशेला सर्वो अडखळले तर अँटेना पुन्हा लावा. याच वेळी दिशाही बघून घ्या: स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. दुरुस्तीनंतर सर्वोचे प्लग अदलाबदल होणं ही फार सामान्य चूक आहे, आणि एलेरॉन उलटे घेऊन उडालेलं विमान मी अजून कुणाला परत आणताना पाहिलेलं नाही.

जागेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. गिरणारेची बाजू तुम्ही निवडलीत ते बरं केलंत. इकडे ओझरला विमानतळ आणि एचएएल, तिकडे गांधीनगरला लष्कराचा एअरफील्ड, देवळालीला तोफखाना. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडणारं २५ किलोपर्यंतचं विमान मॉडेल या वर्गात येतं, पण कुठे उडवायचं याचे हिरवे-पिवळे-लाल भाग त्यालाही लागू आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तुमचं रान एकदा बघून घ्या, आणि शेतकऱ्याची परवानगी तर हवीच.

आता एक काम करा. रिमोटची ऑर्डर दोन दिवस थांबवा. उसना रिमोट मित्राला परत करण्याआधी ती ओट्यावरची चाचणी करा आणि इथेच लिहा: दिवा विझला का, ईएससीवर बोट ठेववलं का, आणि दोन्ही अँटेना कशा चिकटवल्या आहेत त्याचा फोटो. ईएससीवर छापलेला बीईसीचा आकडाही कळवा. तो २ अॅम्पिअरचा निघाला, तर रिमोटच्या आधी यूबीईसी मागवायचा.